‘नाझी अक्षरे’ आणि नाझींचीच बंदी

१/८
टोकदार, तुटक, काळीभोर अक्षरे. पोस्टरवर ती दिसताच अनेकांना हिटलरचा जर्मनी आठवतो. परंतु ही अक्षरे वापरातून काढण्याचा आदेश १९४१ मध्ये हिटलरच्याच वतीने निघाला होता. हा थ्रेड त्या विसंगतीविषयी.

२/८
या अक्षरकुळाचे नाव ब्लॅकलेटर. रुंद टोकाच्या लेखणीने लिहिताना गोलाई कोनदार फटकाऱ्यांत मोडली जाई. अक्षरे इतकी दाट बसत की पान काळसर दिसे. गुटेनबर्गने माइन्झ येथे १४५५ च्या सुमारास छापलेल्या बायबलचे खिळे याच हस्तलिखित वळणावर घडवले होते.

३/८
पुढे या कुळाच्या शाखा झाल्या. लूथरने भाषांतरित केलेला ‘नवा करार’ १५२२ मध्ये ‘श्वाबाखर’ वळणात छापला गेला. सम्राट मॅक्सिमिलियन पहिला याच्या ग्रंथांसाठी ‘फ्राक्टुर’ घडले. या नावाच्या मुळाशी ‘तुटलेले’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे.

४/८
युरोपातील बहुतेक देश हळूहळू ‘अँटिक्वा’कडे, म्हणजे आजच्या परिचित रोमन वळणाकडे, वळले. जर्मनीत मात्र फ्राक्टुर टिकले आणि राष्ट्रीय अस्मितेचे चिन्ह बनले. शाळेत कोणते वळण शिकवावे, हा वाद १९११ मध्ये थेट संसदेत पोहोचला.

५/८
१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले, तेव्हा त्यांनी या अक्षरांना ‘जर्मन लिपी’ म्हणून मिरवले. ‘टॅनेनबर्ग’, ‘नॅशनल’, ‘डॉइचलांड’ अशा नावांचे ताठ, नक्षी छाटलेले टंक बाजारात आले. त्यांना उपहासाने लष्करी बुटांची उपमा दिली गेली.

६/८
३ जानेवारी १९४१. मार्टिन बोरमान याच्या सहीचे परिपत्रक निघाले. तथाकथित गॉथिक लिपी जर्मन नसून ‘श्वाबाखर ज्यू अक्षरे’ आहेत, असा दावा त्यात होता. या दाव्याला ऐतिहासिक आधार नव्हता. विशेष म्हणजे, त्या परिपत्रकाचा छापील मथळाच ब्लॅकलेटरमध्ये होता!

७/८
मग खरे कारण? युरोपचा मोठा भाग तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होता आणि परक्या वाचकांना ही अक्षरे अडखळवत. फ्राक्टुरमधील लांब ‘एस’ आणि ‘एफ’ यांत फरक जेमतेम एका आडव्या रेघेचा. साम्राज्याचे हुकूम सर्वांना वाचता यावेत, ही गरज होती. तिच्यावर ज्यूद्वेषाचे आवरण चढवले गेले.

८/८
त्याच वर्षी शाळांतून जुने जर्मन हस्ताक्षरही गेले. युद्धानंतरच्या पिढ्यांना आजी-आजोबांची पत्रे वाचणे कठीण झाले. ब्लॅकलेटर उरले ते वृत्तपत्रांच्या नावांत, बिअरच्या लेबलांवर आणि हेवी मेटलच्या मुखपृष्ठांवर. नाझींनी ही अक्षरे आठ वर्षे मिरवली, हे खरे. पण त्यामागे जवळपास पाच शतकांची छपाई उभी आहे. त्या साऱ्या वारशाला ‘नाझी’ ठरवणे म्हणजे आठ वर्षांच्या हाती पाच शतके सोपवणे होय.