मूलपेशीची ओळख : रूपावरून नव्हे, कामावरून

१९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलीला तिच्या भावाची मज्जा देण्यात आली. त्या मज्जेतील असंख्य पेशींपैकी आयुष्यभर नवे रक्त घडवू शकणाऱ्या मूलपेशी अगदी मोजक्या होत्या. त्या नेमक्या कोणत्या, हे तेव्हा जगात कोणालाच बोट ठेवून दाखवता आले नसते. सूक्ष्मदर्शकाखाली मूलपेशी एखाद्या सामान्य लिम्फोसाइटसारखीच दिसते.

पुढच्याच वर्षी अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कर्ट सिव्हिन यांना या पेशींच्या पृष्ठभागावरील एक प्रथिन सापडले. आज ते सीडी३४ या नावाने ओळखले जाते. परंतु ते मूलपेशींवर असते तसेच त्यांच्या बऱ्याच पुढच्या पिढ्यांवरही असते. गणवेश पाहून सेनापती ओळखण्यासारखाच तो प्रकार होता.

दुसरी वाट त्याच संस्थेत, त्याच वर्षी उघडली. मात्र ती मूलपेशींच्या शोधातून निघालेली नव्हती. जॉन हिल्टन यांच्यापुढचा प्रश्न वेगळाच होता. सायक्लोफॉस्फमाइड हे कर्करोगावरील औषध उंदरांच्या काही ल्युकेमिया पेशींना का मारू शकत नाही? उत्तर एका विकरात, म्हणजे एन्झाइममध्ये सापडले : आल्डिहाइड डिहायड्रोजनेज. या औषधाचे शरीरात एका आल्डिहाइडमध्ये रूपांतर होते आणि त्यातूनच पुढे घातक द्रव्य तयार होते. हे विकर भरपूर असेल, तर त्या आल्डिहाइडचे आधीच निरुपद्रवी आम्ल बनते आणि पेशी वाचते.

तेथील डॉक्टर त्या काळात रुग्णाचीच मज्जा बाहेर काढून, याच औषधाच्या एका सक्रिय रूपाने ती धुऊन, पुन्हा त्याच्या शरीरात सोडत होते. धुतलेल्या मज्जेतील बहुतेक वाढत्या पेशी मरत, तरीही रुग्णाच्या शरीरात नवे रक्त तयार होई. म्हणजे मूलपेशी वाचत होत्या. १९९० मध्ये मायकेल कास्तान आणि सहकाऱ्यांनी मानवी रक्ताच्या आदिपेशींत हे विकर वाढलेले असल्याचे प्रत्यक्ष दाखवले. कर्करोगाची ढाल म्हणून ओळखले गेलेले द्रव्य आता मूलपेशींची खूण ठरत होते.

राहिली होती मोजण्याची युक्ती, आणि ती भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही मोह पाडील अशी आहे. १९९९ मध्ये रॉबर्ट स्टॉर्म्स आणि सहकाऱ्यांनी एक चमकणारा आल्डिहाइड वापरला. तो पेशीत सहज शिरतो. विकराने त्याचे आम्ल केले की त्यावर ऋण विद्युतभार येतो आणि तो पटलातून बाहेर पडू शकत नाही. जितके विकर कार्यरत, तितकी पेशी उजळ. शिवाय या परीक्षेत पेशी मरत नाही. उजळलेल्या पेशी जिवंत वेगळ्या काढता येतात.

या खुणेवर फार विसंबणे मात्र घाईचे ठरेल. मानवात या कुळाची १९ जनुके आहेत आणि चमक त्यांपैकी कोणाची, हे उजेडावरून कळत नाही. २००९ मध्ये तर त्यातील मुख्य मानले जाणारे जनुक काढून टाकलेल्या उंदरांतही रक्ताच्या मूलपेशी सुरळीत काम करताना आढळल्या. खूण आणि कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात शर्मिला बापट यांच्या गटाने २००५ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगातील मूलपेशीसदृश पेशी दाखवल्या, त्या विकरावरून नव्हे, तर रुग्णाच्या पोटातील पाण्यातून मिळालेल्या पेशींचे स्वतंत्र वंश वाढवून. स्तनाच्या कर्करोगात याच विकराची खूण २००७ मध्ये पुढे आली.

दरम्यान हॉपकिन्समध्येच ढालीचा आणखी एक उपयोग सापडला. प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड दिले, तर रुग्णावर उलटू पाहणाऱ्या दात्याच्या चवताळलेल्या टी-पेशी मरतात. विकराच्या आश्रयाने मूलपेशी तगतात. त्यामुळे निम्मा जुळणारा दाताही चालतो. पूर्ण जुळणारे भावंड मिळण्याची शक्यता चारांत एक असते. आई आणि वडील मात्र निम्मे जुळतातच. लहान कुटुंबांच्या आजच्या भारतात एकुलत्या एका मुलासाठी आता आईची किंवा वडिलांची मज्जा वापरता येते.