ट्रायल मोटारसायकलींतील फेरफार व देखभाल : छंद आणि गरज
(विशेष संदर्भ : बीड जिल्हा)

प्रस्तावना

यंत्राचा इतिहास बहुधा ते निर्माण करणाऱ्या कारखान्याचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कारखान्याबाहेर पडल्यानंतर ज्या हातांनी ते यंत्र उघडले, बदलले आणि पुन्हा चालते केले, त्या हातांची नोंद इतिहासलेखनात क्वचितच आढळते. मोटारसायकल हे याचे ठळक उदाहरण होय. कच्च्या व खडकाळ वाटेवर तोल सांभाळत चालविण्याच्या 'ट्रायल' या क्रीडाप्रकारासाठी युरोपात मोटारसायकलींमध्ये जे फेरफार झाले, त्यांचा इतिहास तपशीलवार नोंदविला गेला आहे. त्याच स्वरूपाचे फेरफार ग्रामीण महाराष्ट्रात केवळ वाहतुकीच्या गरजेपोटी झाले. त्यांना मात्र 'जुगाड' या एका शब्दात गुंडाळले गेले. एकच तांत्रिक कृती एका समाजात छंद ठरते आणि दुसऱ्या समाजात नड भागविणे ठरते, असे का व्हावे, याचा विचार प्रस्तुत निबंधात बीड जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

ट्रायल : स्वरूप व उगम

ट्रायल ही वेगाची शर्यत नव्हे. ओढे, दगड, चढ व चिखल यांनी युक्त अशा आखून दिलेल्या टप्प्यांतून स्वाराने पाय जमिनीला न लावता गाडी बाहेर काढावयाची असते. पाय एकदा टेकल्यास एक दोषगुण आणि टप्पा पूर्ण करण्यात अपयश आल्यास पाच दोषगुण, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. ज्याचे दोषगुण सर्वांत कमी तो विजयी ठरतो. या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध स्पर्धा म्हणजे 1909 मध्ये सुरू झालेली 'स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल' होय. 1913 मध्ये सुरू झालेली 'इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल' ही सहनशक्तीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा याच परंपरेतून पुढे आली.

प्रारंभी या स्पर्धांसाठी वेगळी मोटारसायकल नव्हती. रस्त्यावरची गाडी घरी आणून तिचे वजन कमी करणे, मडगार्ड उंच करणे व सायलेन्सर वर घेणे ही कामे स्वार स्वतः करीत असत. सॅमी मिलर हा स्वार याचा उत्तम नमुना होय. 500 सीसीची वजनदार 'एरियल' गाडी वर्षानुवर्षे हलकी करीत त्याने तिच्यावर 1962 व 1964 मध्ये स्कॉटिश स्पर्धा जिंकली. पुढे स्पेनमधील 'बुल्टाको' कंपनीने त्याच्याच साहाय्याने 250 सीसीची हलकी टू-स्ट्रोक 'शेर्पा' विकसित केली आणि 1965 मध्ये त्याने तीच स्पर्धा तिच्यावर जिंकली. त्यानंतर कारखान्यात तयार होणारी ट्रायल मोटारसायकल ही स्वतंत्र जात रूढ झाली. 1975 पासून या प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही भरू लागली. म्हणजे कारखान्यापूर्वी घरातील कार्यशाळा आली, हा क्रम येथे लक्षणीय आहे.

भारतीय मोटारसायकलींचे ट्रायलशी नाते

भारतात ट्रायल मोटारसायकलींची बाजारपेठ उभी राहिली नाही. तथापि भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ वावरलेल्या काही गाड्यांचे या क्रीडाप्रकाराशी जुने नाते आहे. 'रॉयल एनफील्ड बुलेट' हे त्यातील प्रमुख उदाहरण. मागील चाकाला सांध्यावर हलणारा चिमटा व शॉकअप देण्याची बुलेटची नवी रचना 1948 साली इंग्लंडमधील 'कोलमोर कप' ट्रायलमध्ये प्रथम उतरविण्यात आली. त्याच वर्षी इटलीतील सॅन रेमो येथे झालेल्या सिक्स डेज स्पर्धेत बुलेटच्या स्वारांनी सुवर्णपदके मिळविली. जॉनी ब्रिटन याने 1952 व 1957 मध्ये रॉयल एनफील्डवर स्कॉटिश स्पर्धा जिंकली. दरम्यान भारतीय लष्कराने ही गाडी स्वीकारली आणि 1955 मध्ये मद्रास येथे 'एनफील्ड इंडिया'ची स्थापना झाली. इंग्लंडमधील मूळ उत्पादन थांबल्यानंतरही बुलेट भारतात बनत राहिली. खडबडीत वाटेवर पारखलेली रचना अशा रीतीने भारतीय खेड्यापर्यंत पोहोचली; पण तिच्यासोबत तो खेळ मात्र आला नाही.

'जावा'चीही कथा याला समांतर आहे. चेकोस्लोव्हाकियाच्या संघाने 1947 मध्ये झ्लिन येथील सिक्स डेज स्पर्धा जिंकली आणि पुढील दशकांत जावाने या स्पर्धेत मोठा लौकिक मिळविला. मुंबईतील इराणी कुटुंबाच्या पुढाकाराने म्हैसूर येथे 'आयडियल जावा'चा कारखाना 1961 मध्ये सुरू झाला. 1973 पासून या गाड्या 'येझदी' नावाने विकल्या गेल्या व 1996 मध्ये कारखाना बंद पडला. 'एस्कॉर्ट्स' कंपनीची 175 सीसीची 'राजदूत' ही पोलंडच्या 'एसएचएल' गाडीवर आधारलेली होती. साधी रचना आणि सोपी दुरुस्ती यांमुळे ग्रामीण भागात ती विशेष रुळली.

बीड जिल्हा : भूरचना व दळणवळण

बीड जिल्ह्याचे दोन ठळक भाग पडतात. आष्टी, पाटोदा, केज, अंबाजोगाई हा बालाघाटच्या डोंगररांगांचा खडकाळ प्रदेश. तर गेवराई व माजलगाव हा गोदावरी खोऱ्यातील काळ्या मातीचा प्रदेश. पहिल्यात दगड व चढ, दुसऱ्यात पावसाळ्यात चाक गिळणारा चिकट चिखल. ट्रायल स्पर्धेचे संयोजक ज्या अडचणी शोधून आखतात, त्या येथे शेताच्या वाटेवरच उभ्या असतात.

17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थानाचे विलीनीकरण होईपर्यंत हा जिल्हा निजामी राजवटीत होता. 1956 मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात व 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. परळी हे रेल्वेच्या नकाशावर असले, तरी जिल्ह्याच्या मुख्यालयी प्रवासी रेल्वे पोहोचण्यास 17 सप्टेंबर 2025 हा दिवस उजाडावा लागला. 1972 च्या दुष्काळात व पुढे रोजगार हमी योजनेतून मराठवाड्यात मुरूम-खडीचे अनेक रस्ते झाले. ज्या वाटांवर एस.टी. जात नव्हती, तेथे दूध, खत, बियाणे व माणूस वाहून नेण्याचे काम दुचाकीकडे आले. 1985 मध्ये शेजारच्या तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यात वाळूज येथे 'बजाज ऑटो'चा कारखाना सुरू झाला आणि 1986 मध्ये आलेली 'एम-80' ही दुधाच्या किटल्या वाहणारी गाडी म्हणून ग्रामीण महाराष्ट्रात सर्वत्र ओळखली गेली.

फेरफारांचे तंत्र

क्रीडेसाठी व कामासाठी केलेल्या फेरफारांची तुलना उद्बोधक ठरते. पहिला फेरफार चेन-स्प्रॉकेटचा. पुढील स्प्रॉकेटला 14 व मागील स्प्रॉकेटला 42 दाते असतील, तर प्रमाण 3 येते. मागे 48 दात्यांचे स्प्रॉकेट बसविल्यास ते सुमारे 3.43 होते. त्यामुळे मागील चाकावरील ओढ सुमारे 14 टक्क्यांनी वाढते आणि इंजिनाच्या त्याच फेऱ्यांना गाडीचा वेग साडेबारा टक्क्यांनी घटतो. ट्रायलचा स्वार हे दगड चढण्यासाठी करतो; किटल्या लादून घाट चढणाऱ्यासही नेमकी हीच ओढ हवी असते.

दुसरा फेरफार मडगार्डचा. चाक व मडगार्ड यांतील अंतर कमी असल्यास काळी माती तेथे साचून चाक जाम होते. म्हणून मडगार्ड उंच केले जाते. तिसरा, इंजिनाखाली पत्रा बसविण्याचा. त्याने दगडाचा मार चेंबरला लागत नाही. येथपर्यंत दोन्ही वाटा समान आहेत. त्यानंतर त्या वेगळ्या होतात. ट्रायलचा स्वार सीट काढून टाकतो, पायदाने मागे घेतो आणि टायरमधील हवा अगदी कमी ठेवतो, कारण त्याला उभे राहून तोल सांभाळावयाचा असतो. ओझे वाहणारा मात्र कॅरियर वाढवितो, मागील शॉकअप अधिक कडक करतो आणि हवा भरपूर ठेवतो. एक वजन उतरवितो, दुसरा वजन चढवितो. उद्देश बदलला की त्याच यंत्राचा देह कसा बदलतो, हे यातून स्पष्ट होते.

देखभाल : ज्ञानाचे स्वरूप

फेरफाराचे कौतुक होते; देखभाल दुर्लक्षित राहते. वस्तुतः धूळ, पाणी व हादरे यांत चालणारी गाडी टिकते ती नित्य देखभालीवर. एअर फिल्टर धुणे, चेनला ताण देणे, आऱ्या सारख्या कसून चाकाचा डग काढणे, पॉइंटमधील अंतर राखणे, कार्बोरेटर स्वच्छ करणे आणि टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोल व ऑइलचे प्रमाण सांभाळणे ही कामे पुस्तकापेक्षा हाताला व कानाला अधिक कळतात. जुन्या बुलेटचे इंजिन व गिअरबॉक्स स्वतंत्र असल्याने एकाला हात न लावता दुसरे उघडता येत असे. अशी रचना मालकालाच मिस्त्री होण्यास प्रवृत्त करते.

महाराष्ट्रातील शहरांत या ज्ञानाला छंदाची प्रतिष्ठा मिळाली. पुणे व नाशिक येथे मातीच्या धावपट्टीवरील सुपरक्रॉस स्पर्धांच्या राष्ट्रीय फेऱ्या झाल्या व त्यांत भारतीय बनावटीच्या गाड्यांसाठी स्वतंत्र गट राहिले. जुलैच्या दुसऱ्या रविवारी साजरा होणाऱ्या जावा-येझदी दिनानिमित्त जुन्या गाड्या निगुतीने जपणारे हौशी लोक एकत्र येतात. तालुक्याच्या ठिकाणी बसलेला मिस्त्री तेच कौशल्य रोज वापरतो. परंतु त्याच्या कामाला ना स्पर्धेचा निकाल असतो, ना मासिकातील छायाचित्र. छंद हा फावल्या वेळाचा व शिलकी पैशाचा अपत्यभाव आहे. कौशल्य मात्र या दोहोंवर अवलंबून नसते.

कायदा व बदलते तंत्रज्ञान

अलीकडील काळात ही परंपरा दोन बाजूंनी आक्रसत आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीत नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकास करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. सार्वजनिक रस्त्यावरील सुरक्षितता व कर्कश सायलेन्सरचा उपद्रव पाहता या निर्बंधामागील हेतू रास्त आहे. तथापि बंदिस्त मैदानावरील क्रीडेसाठीचा फेरफार आणि रस्त्यावरील धोकादायक फेरफार यांतील भेद लोकव्यवहारात पुसट होतो.

दुसरी बाजू तंत्राची. एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मानकांमुळे कार्बोरेटरची जागा मुख्यत्वे इलेक्ट्रॉनिक इंधन-प्रणालीने घेतली. हवा स्वच्छ होण्याच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. परंतु पान्याऐवजी निदानयंत्र हाती घ्यावे लागल्याने कानाने इंजिन ओळखणाऱ्या मिस्त्रीचे क्षेत्र आकुंचित झाले.

याच सुमारास बाजाराने ट्रायलची आठवण विकावयास काढली, हा योगायोग बोलका आहे. मार्च 2019 मध्ये रॉयल एनफील्डने जुन्या विजयांच्या स्मरणार्थ 'बुलेट ट्रायल्स' बाजारात आणली. तिला उंच सायलेन्सर, एकच सीट व खाचदार टायर होते. पुढे ती बंदही झाली. ज्या गोष्टी पूर्वी मालक स्वतःच्या हाताने करीत, त्या आता कारखान्यातून तयार मिळू लागल्या.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. ट्रायल मोटारसायकल ही कारखान्याची नव्हे, तर वापरकर्त्यांच्या फेरफारांची निर्मिती होय. बीडसारख्या जिल्ह्यात भूरचना व अपुरे दळणवळण यांतून त्याच तत्त्वांवर आधारलेले फेरफार गरजेपोटी साकारले. या दोहोंतील फरक बुद्धीचा नसून सवडीचा व प्रतिष्ठेचा आहे.

कार्बोरेटर व पॉइंटच्या युगात शिकलेली मिस्त्रींची पिढी आता वयस्कर होत आहे. हे ज्ञान लिखित नसल्याने ते व्यक्तीबरोबरच लोप पावण्याचा धोका आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी तंत्रनिकेतनांच्या सहकार्याने गॅरेजमधील मौखिक इतिहास, अवजारे व बदललेल्या सुट्या भागांच्या नोंदी जमविल्यास स्थानिक इतिहासाला एक नवे साधन लाभेल. किल्ले, शिलालेख व दफ्तरे यांच्या बरोबरीने वेल्डिंगच्या खुणा असलेली एखादी जुनी चॅसिसही वाचता येते. ती वाचणारे अभ्यासक मात्र वेळेत तयार व्हावयास हवेत.