आरमारी युद्धांची स्मारक नाणी
सागरी युद्धातील विजयाच्या स्मरणार्थ पाडलेली नाणी. ही प्रथा प्राचीन आहे. सायप्रसमधील सॅलॅमिस येथे टॉलेमीच्या आरमाराचा इ. स. पू. ३०६ मध्ये पराभव केल्यानंतर डीमीट्रिअस पोलिऑर्सीटीझ याने पाडलेल्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूस जहाजाच्या नाळेवर उभी असलेली विजयदेवता व दुसऱ्या बाजूस त्रिशूळधारी समुद्रदेव पोसायडन आढळतो. ही नाणी व्यवहारात चालत. आधुनिक स्मारक नाणी मात्र मुख्यत्वे संग्राहकांसाठी काढतात, उदा., ट्रफॅल्गरच्या लढाईच्या (१८०५) द्विशताब्दीनिमित्त ब्रिटनने २००५ मध्ये काढलेली पाच पौंडांची नाणी.

मराठ्यांच्या नाण्यांवर अशी युद्धचित्रे आढळत नाहीत. छत्रपती शिवाजी महाराजांच्या शिवराईवर ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ एवढीच अक्षरे आहेत, तर पुढील काळातील बहुतेक मराठी रुपयांवर मोगल बादशहाच्या नावाचा फार्सी मजकूर असे. नाण्याने सत्ता व चलनाची विश्वासार्हता दर्शवावी, पराक्रम वर्णन करू नये, अशी ही परंपरा होती. कोल्हापूर राज्यही तीस अपवाद नव्हते. राजधानी घाटावर असूनही त्याची लढाऊ गलबते मालवणास असत. ईस्ट इंडिया कंपनीने १७६५ मध्ये सिंधुदुर्ग जिंकून त्याचे ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नामकरण केले. पुढील वर्षी तो कोल्हापूरकरांस परत मिळाला. परंतु १८१२ च्या तहाने मालवण बंदरासह तो कायमचा गेला. या संघर्षाची कोणतीही खूण कोल्हापूरच्या ‘शंभू पीरखानी’ रुपयावर उमटली नाही.

भारत सरकारने १९९९ मध्ये काढलेल्या दोन रुपयांच्या स्मारक नाण्यावर शिवाजी महाराजांची प्रतिमा आहे, आरमार नाही. त्यामुळे मराठ्यांच्या सागरी इतिहासासाठी तहनामे, पत्रव्यवहार व जलदुर्ग हीच प्रमुख साधने ठरतात.