तीस माणसांची भाकरी

मदिनेच्या ईदगाहावर एका रात्री व्यापाऱ्यांचा काफिला उतरला होता. मालाची चोरी होऊ नये म्हणून खलिफा हजरत उमर (रजि.) आणि हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) स्वतः पहाऱ्याला गेले. रात्रभर एक तान्हे मूल रडत होते. उमर दोनदा आईला समजावून आले, तिसऱ्यांदा रागावले. समोर कोण आहे हे त्या बाईला ठाऊक नव्हते. तिने वैतागून सांगितले की, ती मुलाचे दूध वेळेआधीच तोडते आहे. कारण उमर फक्त दूध तुटलेल्या मुलांनाच वजिफा देतात.

फजरच्या नमाजीत खलिफांच्या रडण्यामुळे लोकांना किरात नीट ऐकू आली नाही, असे इतिहासकार लिहितात. सकाळी दवंडी पिटली गेली: मुलांचे दूध घाईने तोडू नका, जन्मलेल्या प्रत्येक मुलाला वजिफा मिळेल. प्रांतोप्रांती तसे हुकूमही गेले.

हा किस्सा आम्ही सर्वांनी मिलादच्या जलशात ऐकला आहे, खलिफांच्या नरमदिलीचा दाखला म्हणून. पण त्यात कारभाराची एक गोष्टही आहे. सरकारने मदतीला एक अट घातली आणि ती अट पाळण्यासाठी आईने बाळाला उपाशी ठेवले. अट घालणाऱ्याला हे कळले, कारण तो रात्री तिथे हजर होता.

वजिफ्यांची ही नोंदवही, म्हणजे दीवान, बहुतेक इतिहासकारांच्या मते हिजरी 20 (इ.स. 641) मध्ये सुरू झाली, काहींनी हिजरी 15 सांगितले आहे. बद्रच्या लढाईतील मुहाजिरांना वर्षाला 5000 दिरहम आणि तान्ह्या बाळाला 100 दिरहम. मूल वाढले की 200. हा फरक लहान नाही. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी सर्वांना सारखे वाटले होते, पुढे हजरत अली (रजि.) यांनीही तसेच केले. खुद्द उमर यांनीही अखेरच्या काळात सर्वांना एका पातळीवर आणण्याचा इरादा बोलून दाखवला, अशी रिवायत आहे. जलशात एवढे सांगायला वेळ नसतो!

आम्हांला मात्र या साऱ्यात धान्याचा हिशेब सर्वांत मोलाचा वाटतो. अबू उबैद (मृत्यू हि. 224) यांच्या 'किताबुल अमवाल'मध्ये तो आला आहे. माणसाला महिन्याला किती धान्य द्यावे, हा प्रश्न होता. उमर यांनी एक जरीब (हे धान्याचे माप) धान्य दळून त्याच्या रोट्या करवल्या आणि तीस माणसांना सकाळी पोटभर जेवू घातले. संध्याकाळी पुन्हा तसेच. तीस माणसांचे एक जेवण म्हणजे एका माणसाची तीस दिवसांची एका वेळची जेवणे. म्हणून महिन्याला दोन जरीब ठरले. पुरुषाला, बाईला आणि गुलामालाही तेवढेच. चौथीच्या मुलाला समजेल असे हे त्रैराशिक आहे. आधी भूक मोजली, मग रक्कम ठरवली.

निवाऱ्याचा विचारही आमच्या परंपरेत आहे. अंदलुसचे इब्न हज्म (मृत्यू इ.स. 1064) लिहून गेले की, गरिबाला अन्न, थंडी-उन्हाळ्याचे कपडे आणि पाऊस, ऊन व येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरा यांपासून आडोसा देणारे घर मिळणे, ही त्या मुलखातल्या श्रीमंतांची जबाबदारी आहे, जकात अपुरी पडली, तर हुकूमतीने ती त्यांच्याकडून पार पाडून घ्यावी.

आता आपल्या महाराष्ट्राकडे पाहू. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना 1980 साली संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. कोकणातल्या आमच्या लोकांनी तिचा अभिमान बाळगला, तो रास्तच होता. पुढे रक्कम वाढत गेली: 2019 मध्ये 600 वरून 1000 रुपये, 2023 मध्ये 1500, आणि 2025 मध्ये दिव्यांगांसाठी 2500. केंद्राचे वृद्धापकाळ निवृत्तिवेतन 1995 मध्ये 75 रुपये होते, 2006 मध्ये 200 झाले. 2011 मध्ये वयाची अट 65 वरून 60 वर आली, ऐंशीच्या पुढच्यांना 500 मिळू लागले. पण साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा 200 रुपयांवरच थांबला. कोणाच्या कोणत्या जेवणावरून हा आकडा ठरला असेल?

मोहल्ल्यात मास्तर म्हटले की फॉर्म भरून देणे आलेच. गेल्या रमजानच्या आधी एक बेवा खाला उत्पन्नाचा दाखला संपल्याचा कागद घेऊन आल्या. वाढ झाल्याचे त्यांनी ऐकले होते. आम्ही पाटीवर मांडून दाखवले: 1500 भागिले 30, रोजचे 50, दोन वेळचे जेवण, प्रत्येकी 25. खालांनी हिशेब नीट ऐकून घेतला आणि विचारले, "मास्तर, खोलीचं भाडं यात कुठं धरलं?"

आम्ही फॉर्म पुन्हा वाचला. भाड्याचा रकाना त्यात नव्हता.