पंत, आप्पासाहेब
(११ सप्टेंबर १९१२ – ५ ऑक्टोबर १९९२). भारतीय मुत्सद्दी, लेखक व गांधीवादी विचारवंत. जन्म औंध संस्थानात (आता सातारा जिल्हा). औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे त्यांचे वडील. मुंबई व ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेऊन ते बॅरिस्टर झाले आणि १९३७ मध्ये परतले. १९३९ मध्ये भवानरावांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवला. महात्मा गांधी व पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या सल्ल्याने आकारलेल्या या प्रयोगात आप्पासाहेबांचा मोलाचा वाटा होता. ते संस्थानाचे पंतप्रधानही झाले.

१९४८ मध्ये नेहरूंनी त्यांना ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त नेमले. मुक्काम नैरोबीत. तेथील भारतीयांनी आफ्रिकी जनतेशी एकरूप व्हावे, असे ते आग्रहाने सांगत. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळाव्यात, यासाठी ते झटले. केनियाच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते जोमो केन्याटा यांच्याशी त्यांचा स्नेह होता. ब्रिटिश सरकारला ही जवळीक खटकली. १९५४ मध्ये त्यांची तेथील कारकीर्द संपली. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली.

पुढे ते सिक्कीममध्ये राजकीय अधिकारी होते (१९५५–६१). भूतान व तिबेटशी असलेले संबंधही त्यांच्याकडेच होते. १९५८ मध्ये नेहरू नथु-ला खिंड व चुंबी खोरे ओलांडून, डोंगरवाटेने मजल-दरमजल करत भूतानला गेले, तेव्हा आप्पासाहेब सोबत होते. इंडोनेशिया, नॉर्वे, ईजिप्त, ब्रिटन व इटली येथेही त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले.

‘अ मोमेंट इन टाइम’ हे त्यांचे आत्मकथनपर पुस्तक. वडिलांकडून लाभलेला सूर्यनमस्काराचा वारसाही त्यांनी पुस्तकातून जगापुढे ठेवला. राजपुत्र असूनही गुलाम देशांच्या बाजूने उभा राहिलेला हा मराठी मुत्सद्दी आजही आदर्श वाटावा असाच आहे.