एका विक्रीची चार नावं

पुण्यातल्या एखाद्या बाकरवडीच्या दुकानाची वेबसाइट घ्या. गिऱ्हाइकाने ३४० रुपये भरले की ‘धन्यवाद’चं पान उघडतं आणि तिथून चार ठिकाणी निरोप जातात. गूगल अ‍ॅनालिटिक्सला या विक्रीचं नाव ‘परचेस’ हवं असतं, इंग्रजीतली सगळी अक्षरं लहान. फेसबुकच्या पिक्सेललाही ‘परचेस’च, पण पहिलं अक्षर मोठं. मुंबईच्या क्लेव्हरटॅपने याच घटनेसाठी ‘चार्ज्ड’ हे नाव राखून ठेवलंय. मिक्सपॅनेलचं काहीच बंधन नाही, त्यामुळे तिथे डेव्हलपरच्या मनात त्या दिवशी जे आलं ते. ऑर्डरचा नंबर गूगलकडे ‘ट्रान्झॅक्शन आयडी’, क्लेव्हरटॅपकडे ‘चार्ज्ड आयडी’. बाकरवडी तीच, पैसे तेच.

एका वेबसाइटला चार-चार मोजणारे लागतात कशाला, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

सुरुवातीला मोजणी सर्व्हरवरच व्हायची. कुणी पान मागितलं की सर्व्हर लॉगमध्ये एक ओळ लिहायचा: पत्ता, वेळ, कोणती फाइल, किती बाइट. १९९५ साली केंब्रिजमध्ये स्टीफन टर्नर यांनी ‘अ‍ॅनालॉग’ नावाचा फुकट प्रोग्रॅम लिहिला. तो या ओळी वाचून बेरजा मांडायचा. त्याच सुमारास अमेरिकेत सॅन दिएगोमध्ये होस्टिंगचा धंदा करणाऱ्या काही तरुणांना गिऱ्हाइकांचे लॉग मोजता मोजता दिवस पुरेना, म्हणून पॉल म्यूरे यांनी स्वतःचंच साधन लिहिलं. त्याचं नाव अर्चिन.

लॉगमध्ये एक खोट होती. ब्राउझर किंवा ऑफिसातला प्रॉक्सी सर्व्हर पानाची प्रत जवळ ठेवायचा. मग तेच पान दहा जणांनी पाहिलं तरी मूळ सर्व्हरला पत्ता नसायचा. यावर उपाय निघाला तो पानातच छोटी स्क्रिप्ट टाकण्याचा. पान कुठूनही येवो, ते उघडलं की स्क्रिप्ट एका पिक्सेलचं, डोळ्यांना न दिसणारं चित्र मागवणार आणि त्या मागणीच्या पत्त्याला शेपटासारखी सगळी माहिती जोडून पाठवणार. अर्चिनच्या या चित्राच्या नावात ‘यूटीएम’ ही अक्षरं होती, म्हणजे ‘अर्चिन ट्रॅकिंग मॉड्यूल’. गूगलने २००५ साली अर्चिन विकत घेतली, नाव बदललं, कोड अनेकदा नव्याने लिहिला. पण दिवाळीच्या ऑफरची जी लिंक तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर येते, तिच्या शेवटी ‘यूटीएम सोर्स’ अजून असतो. सॅन दिएगोचं आडनाव राहिलं ते राहिलंच.

नोव्हेंबर २००५ मध्ये गूगल अ‍ॅनालिटिक्स फुकट झालं आणि इतकी झुंबड उडाली की नवीन नोंदणी थांबवावी लागली. सगळ्यांसाठी दार उघडलं ते ऑगस्ट २००६ मध्ये. तोवर अशी स्क्रिप्टवाली मोजणी बहुतेकांसाठी महागडा शौक होती. फुकट झाल्यावर तिची सवय लागली आणि सवयीबरोबर मागण्या वाढल्या. पान किती जणांनी पाहिलं एवढ्यावर कुणाचं भागेना. कोणतं बटण दाबलं ते सांगणारं मिक्सपॅनेल २००९ मध्ये आलं, वृत्तसंपादकांना या क्षणी काय वाचलं जातंय ते दाखवणारं चार्टबीटही त्याच वर्षीचं. माउस कुठे कुठे फिरला ते रंगवून दाखवणारं हॉटजार २०१४ चं. प्रत्येकाची माहितीपुस्तिका एकाच वाक्याने सुरू व्हायची: एवढ्या चार ओळी पानाच्या हेडमध्ये टाका. माझ्या मते सगळ्या भानगडीचं मूळ या वाक्यात आहे, कारण चार ओळी कधीच चार राहत नाहीत.

त्यात ऑफिसातलं जुनं भांडण. मार्केटिंगला टॅग, म्हणजे त्या चार ओळी, आज हवा, डेव्हलपरचं रिलीज पुढच्या गुरुवारी. ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेल्या गूगल टॅग मॅनेजरने हे भांडण मिटवलं नाही, मार्केटिंगच्या हातात स्वतंत्र किल्ली दिली. तेव्हापासून ‘टॅग लावलाय, फायर होतोय का बघ जरा’ हे वाक्य बाणेर-हिंजवडीच्या ऑफिसांत चहाइतकं नित्याचं झालं.

दुसरी वाट दोनच महिन्यांनी निघाली. पीटर राइनहार्ट आणि त्यांच्या मित्रांचं वर्गात वापरायचं सॉफ्टवेअर फसलं होतं, मग केलेलं अ‍ॅनालिटिक्सचं साधनही चालत नव्हतं. त्या खटपटीत त्यांनी एक छोटी लायब्ररी लिहून ठेवली होती: आपण एकदाच ‘ट्रॅक’ म्हणायचं, ती ते ज्याच्या त्याच्या भाषेत करून सगळ्यांना सांगणार. राइनहार्टना स्वतःला ही कल्पना भिकार वाटत होती. लोकांपुढे टाकली की आपोआप मरेल, या हिशेबाने डिसेंबर २०१२ मध्ये ती खुली केली आणि लोकांनी तीच उचलली. सेगमेंट ही कंपनी त्यातून उभी राहिली. ट्विलिओने २०२० मध्ये ती ३२० कोटी डॉलरला घेण्याचा करार केला.

हीच रचना पुण्यात वेगळ्या धंद्यात राबवली गेली, ती जाहिरातींच्या लिलावात. २००६ साली सुरू झालेल्या पबमॅटिकचं अभियांत्रिकीचं मोठं काम पुण्यात चालतं. पान उघडता उघडता अनेक खरेदीदारांना एकदम बोली लावायला सांगणारं ‘प्रीबिड’ २०१५ मध्ये खुलं झालं. पबमॅटिकचं ‘ओपनरॅप’ त्याच्यावर बेतलेलं आहे. प्रीबिडमध्ये प्रत्येक खरेदीदाराचा वेगळा अ‍ॅडॅप्टर असतो, तसाच प्रत्येक मोजणाऱ्याचाही. लिलाव सुरू झाला, बोली आली, बोली जिंकली, या घटना प्रीबिडचा गाभा एकदाच पुकारतो. ऐकणारे अ‍ॅडॅप्टर आपापल्या भाषेत त्या पुढे धाडतात. एक मोजणारा काढून दुसरा बसवायचा तर यादीतली एक नोंद बदलते, बाकी पानाला हात लागत नाही. बाकरवडीच्या दुकानालाही खरं तर एवढंच हवं असतं.

तरी आकडे जुळत नाहीत. गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये नवं खातं उघडताना टाइम झोन लॉस एंजेलिसचा तसाच राहिला तर हिवाळ्यात आपल्या दुपारी दीड वाजता तारीख बदलते. एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या शहराला हे एक वेळ मानवेलही, पण दुकानाच्या रोजमेळाशी त्या आकड्याचं जमत नाही. पेमेंट गेटवेचा पत्ता वगळणीच्या यादीत घातला नाही तर तिथून परत आलेल्या गिऱ्हाइकाच्या विक्रीचं श्रेय इन्स्टाग्रामच्या जाहिरातीऐवजी गेटवेला जातं. ‘धन्यवाद’चं पान कुणी रिफ्रेश केलं आणि ऑर्डरच्या नंबरवरून दुबार नोंद गाळलेली नसली, तर ३४० चे ६८० होतात. उलटही घडतं: यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये पिन टाकून पैसे दिले आणि माणूस तिथूनच व्हॉट्सअ‍ॅपकडे वळला, तर ‘धन्यवाद’चं पान उघडतच नाही. चौघांपैकी एकालाही विक्री कळत नाही, बँकेला मात्र कळलेली असते.

म्हणून आता पैसे जमा झाल्याचा निरोप गेटवेकडून दुकानाच्या सर्व्हरला आला, की सर्व्हरच चौघांना कळवतो. जाहिराती अडवणारी एक्स्टेन्शनं आणि सफारीची कुकीवरची बंधनं यांनीही लोकांना याच बाजूला ढकललं. टॅग मॅनेजरचीही २०२० पासून सर्व्हरवर चालणारी आवृत्ती आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीला जे स्थान आहे, ते पाहता गिऱ्हाइकाचा ‘नको’ चार जागी पाळण्यापेक्षा एका जागी पाळणं सोपं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी लॉगमधून निघून ब्राउझरमध्ये गेलेली मोजणी अशी पुन्हा सर्व्हरवर येऊन बसली आहे. ‘परचेस’चं पहिलं अक्षर कुणाकडे मोठं आणि कुणाकडे लहान, याचा तक्ता मात्र कुणीतरी अजून एक्सेलमध्येच ठेवतं.