अंगणातलं मेज

गेल्या कार्तिकात आमच्या देवळाच्या वनभोजनाला बाबा आले, पण पंगतीत बसले नाहीत. गुडघे वाकत नाहीत. कुणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची आणून आवळीखाली ठेवली. आम्ही सगळे खाली केळीच्या पानांवर वाकलेलो आणि बाबा एकटे वर, एका हातात ताट सावरत, दुसऱ्या हाताने जेवताहेत. तोंडल्यांची भाजी परत हवी का म्हणून वाढप्याने विचारलं तर मान हलवून नको म्हणाले. घरी येताना गाडीत एवढंच बोलले, "फुडल्या वर्सा तुमी वचात."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या घरामागे आंब्याखाली चांगलं सारवलेलं अंगण आहे. तिथे एखादं लाकडी मेज असावं, दोन्ही बाजूंना बाक जोडलेलं, अमेरिकन सिनेमातल्या बागांमध्ये दिसतं तसं. सगळे एकाच उंचीवर बसतील. आणि ते आपण स्वतः करावं! वीस वर्षं सरकारी कचेरीत फायलींना लाल फीत बांधणाऱ्या बी.ए. झालेल्या माणसाच्या डोक्यात असले विचार आले की घरातली मंडळी काळजीत पडतात. आमच्याकडेही पडली.

करवत हातात घेण्याआधी मी वाचायला बसलो, कारण तेवढंच मला येतं. आणि वाचता वाचता या साध्यासुध्या मेजाचा इतिहास असा काही उलगडत गेला की लाकूड बाजूलाच राहिलं.

पहिली गंमत 'पिकनिक' या शब्दाची. मेनाज नावाच्या फ्रेंच पंडिताच्या सतराव्या शतकाच्या अखेरीच्या व्युत्पत्तिकोशात तो सापडतो, पण तिथे झाडं नाहीत, गवत नाही. ज्याने त्याने आपापला वाटा उचलायचा, असं ते जेवण. म्हणजे आपली अंगतपंगत! १८०१ साली लंडनमध्ये हौशी श्रीमंतांनी 'पिक निक सोसायटी' काढली तीही चार भिंतींच्या आतच जमायची. उघड्यावर जाऊन जेवणं हा अर्थ मागाहून, एकोणिसाव्या शतकात पक्का झाला. आणि उघड्यावर गेल्यावर हे साहेब लोक बसत कुठे? जमिनीवर. मानेने १८६३ साली रंगवलेलं ते गाजलेलं चित्र आठवा, ज्यावरून पॅरिसमध्ये गहजब झाला. त्यातली मंडळी गवतावरच बसली आहेत. तेव्हा 'पाश्चात्त्य टेबलावर, आपण जमिनीवर' ही आपली सोपी विभागणी या बाबतीत तरी खरी नाही. रानात गेलं की सगळेच खाली बसायचे.

मग मेज रानात गेलं कसं? याचं उत्तर अमेरिकेत आहे, आणि ते मोटारीशी जोडलेलं आहे. टेबल आणि बाक एकाच सांगाड्यात जोडण्याची पेटंटं तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच निघाली होती. पण ते मेज हजारोंनी रानात जाऊन बसलं ते १९३० नंतर. त्यामागे इ. पी. माइनेके नावाचा एक वनस्पतिरोगतज्ज्ञ होता. कॅलिफोर्नियातले रेडवुडचे प्रचंड वृक्ष पाहायला लोक मोटारी घेऊन येऊ लागले, झाडाच्या बुंध्याशी मोटार लावायची, तिथेच चूल, तिथेच तंबू. दोन-दोन हजार वर्षं वादळांना आणि वणव्यांना न जुमानणारी ती झाडं, पण त्यांची मुळं उथळ. पायांनी आणि चाकांनी माती इतकी घट्ट दाबली जाते की मुळांना हवापाणी मिळत नाही, हे माइनेकेने १९२८ च्या अहवालात दाखवून दिलं. १९३२ साली त्याने उपाय सुचवला. माणसांना येऊ नका म्हणून सांगता येत नाही, पण कुठे बसायचं ते ठरवता येतं. एकेरी वळणाचा रस्ता, प्रत्येकाला मोटार लावायची ठरलेली जागा, मोटार पुढे जाऊ नये म्हणून धोंडे आणि ओंडके, आणि मुक्कामाच्या जागी पक्की चूल व पक्कं मेज. मेज हलत नाही, मग माणसंही त्याच्याभोवतीच वावरतात. तेवढी जमीन तुडवली जाते, बाकीची वाचते.

मला हे फार आवडलं. आम्ही सरकारी लोक असतो तर 'येथे बसू नये' असा फलक लावून मोकळे झालो असतो.

योजना कागदावर राहिली नाही याचं कारण तेव्हा चालू असलेली मंदी. १९३३ साली रूझवेल्टने बेकार तरुणांसाठी 'सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर' उभी केली. १९४२ पर्यंत सुमारे तीस लाख तरुण तिच्यातून गेले. महिना ३० डॉलर, त्यातले साधारण २५ परस्पर घरी पाठवायचे. या पोरांनी झाडं लावली, वाटा खोदल्या आणि मेजं ठोकली. त्यांच्यासारख्यांच्या कामाला वळण लागावं म्हणून आल्बर्ट गुड नावाच्या वास्तुविशारदाने नॅशनल पार्क सर्व्हिससाठी १९३५ मध्ये आणि मग वाढवून १९३८ मध्ये तीन भागांत नकाशांचे ग्रंथ काढले. त्यात आहेत ती मेजं आताच्यापेक्षा कितीतरी अवजड, अर्ध्या चिरलेल्या ओंडक्यांची. हलवता येऊ नयेत हाच हेतू. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरं वाढली, घरगुती वापराची विजेवरची ड्रिल यंत्रं दुकानांत आली, आणि कचेऱ्यांत कारकुनी करणारे गृहस्थ रविवारी परसात मेज ठोकू लागले. त्यांचा तो छंद इतका पसरला की १९५४ साली 'टाइम'ने त्यावर मुखपृष्ठ काढलं.

इथे मी थोडा थबकलो. आपल्याकडे कारकुनाने रविवारी रंधा मारला नाही. का? वेळ नव्हता म्हणून नव्हे. ते काम 'मेस्ता'चं, हे आपल्या हाडीमाशी बसलेलं. माझ्या आजोबांच्या घरात सुतारकाम वर्षातून महिनाभर तरी चाले, पण घरातल्या कुणी पटाशी हातात धरल्याचं मला आठवत नाही. मेस्ताचा चहासुद्धा वेगळ्या पेल्यात असायचा. जे हात आपलं देवघर घडवतात त्यांना तो पेला! हे लिहिताना बरं वाटत नाही, पण सुतारकामाचा आपला इतिहास सांगायचा आणि एवढंच गाळायचं, असं कसं चालेल?

असो. आता लाकूड. आमच्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, आणि पाऊस गेला की वाळवी. एका दुकानदाराने हिरवट छटेचं, 'औषध मारलेलं' लाकूड दाखवलं. म्हणाला, पन्नास वर्षं बघायला नको. औषध कसलं म्हणून विचारलं तर त्याला सांगता येईना. मी शोधायला लागलो आणि पोचलो थेट डेहराडूनला.

तिथल्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेसम नावाचे संशोधक होते. लाकूड टिकवायला तांबं आणि सोमल म्हणजे आर्सेनिक उपयोगी, हे आधीपासून माहीत होतं; अडचण ही की पावसाने ते धुऊन जातं. कामेसम यांनी १९३३ मध्ये त्यात क्रोमियमचा क्षार मिसळला. लाकडाच्या संपर्कात क्रोमियमवर रासायनिक क्रिया होते आणि ते तांब्याला व सोमलाला लाकडातच जखडून टाकतं. पाणी लागलं तरी सुटत नाही. आर्सेनिकचं 'एएस' आणि तांब्याचं 'सीयू' मिळून या द्रव्याचं नाव पडलं 'आस्कू'. १९३८ साली अमेरिकेचं पेटंट मिळालं. आणि १९७० नंतर अमेरिकेत परसातले सज्जे, मुलांचे झोपाळे, आणि हो, आपली पिकनिकची मेजं याच पद्धतीने प्रक्रिया केलेल्या हिरवट लाकडाची होऊ लागली! म्हणजे ज्या वस्तूला मी अस्सल अमेरिकन समजत होतो तिच्या रंध्रांत आपल्या माणसाची विद्या भरलेली होती.

अभिमान वाटून घ्यायला मी जेमतेम सुरुवात केली होती. पण 'सुटत नाही' हे पूर्ण खरं नव्हतं. थोडं थोडं सुटतं. मुलं त्या फळ्यांवर हात फिरवतात आणि हात तोंडात घालतात. चर्चा वाढली, आणि फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने जाहीर केलं की उत्पादक स्वतःहून घरगुती वापरासाठी असं लाकूड बनवणं थांबवणार आहेत. ३१ डिसेंबर २००३ नंतर ते बहुतेक घरगुती वापरांतून गेलं. कामेसम यांना दोष देण्यात अर्थ नाही. जमिनीत गाडलेल्या खांबांना जे उत्तम, ते जेवणाच्या फळीला उत्तम असेलच असं नाही, आणि फळी निवडणारे ते नव्हते. मी मात्र त्या दुकानातून रिकाम्या हाताने परतलो. दुकानदाराचं लाकूड नेमक्या कुठल्या औषधाचं, हे त्यालाच माहीत नव्हतं, आणि त्या मेजावर माझ्या पुतणीची तीन वर्षांची पोर जेवणार होती.

लाकूड शेवटी घरातच सापडलं. मागच्या पडवीवरचा माळा उतरवला होता त्याच्या फणसाच्या फळ्या, साडेसात फुटी, दीड इंच जाड, आणि माट्टीचे जुने वासे. माट्टी म्हणजे तुमचा घाटावरचा ऐन, आमच्या गोव्याचा राज्यवृक्ष. मेस्ताला हाताखाली घ्यायचं नाही, आपणच त्याच्या हाताखाली राबायचं, असं ठरवून मी गावातल्या मेस्ताकडे गेलो. त्याला अमेरिकन नकाशा दाखवला. त्याने तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "बाब, हें बसपाचें काय जेवपाचें?"

नकाशात 'दोन बाय सहा' लिहिलेलं लाकूड प्रत्यक्षात दीड बाय साडेपाच इंच असतं, हे मला ठाऊक नव्हतं. करवतीने चिरून, मग वाळवून, रंधून उरतं ते माप, आणि नाव मात्र ओल्या लाकडाचं! माझी सगळी बेरीज चुकली. पण ती किरकोळ चूक. मोठी चूक पायांची. नकाशातले फाकवलेले पाय मला ओबडधोबड वाटले, म्हणून मी ते जवळ आणले. मेस्त म्हणाला, "पडतलें." मी ऐकलं नाही.

मेज उभं राहिलं. भाऊ आणि मेहुणा एका बाजूला बसले, वहिनी चहा घेऊन आली, आणि समोरची बाजू हळूच उचलली गेली. चहा दोघांच्या अंगावर. त्या रात्री मी कचेरीतल्या सवयीने जमाखर्च मांडला. बाकाचा मध्य मेजाच्या मध्यापासून २८ इंच, पाय टेकलेला १६ इंचांवर. म्हणजे बसणारा पायाच्या १२ इंच बाहेर. दोन माणसांचे १३० किलो गुणिले १२, झाले १५६०. विरुद्ध बाजूला मेजाचं स्वतःचं वजन, साधारण ६० किलो गुणिले १६, म्हणजे ९६०. मेज उलटणारच! पाय २६ इंचांवर नेला की बसणारा फक्त दोन इंच बाहेर. तेव्हा १३० गुणिले २ म्हणजे २६०, आणि समोर १५६०. चौघे एका बाजूला बसले तरी हरकत नाही. नकाशा काढणाऱ्याला ओबडधोबडपणाची हौस नव्हती तर. चारही पाय नव्याने कापावे लागले, कारण तिरके पाय लांबही हवेत. आधीच्या चार तुकड्यांची मेस्ताने देवघरापुढची ठेंगणी चौकी करून दिली. फळ्यांमध्ये पाव इंच फट ठेवली पाणी निथळायला, आणि पायांना खालून काजूच्या टरफलाचं काळं तेल लावलं, होड्यांना लावतात ते. वरच्या फळ्यांना नाही, ते कातडी सोलून काढतं. त्यांना नुसतं खोबरेल, दर दोन महिन्यांनी.

मग बाबांना आणलं. आणि तेव्हा कळलं की आम्ही कुणीच मूळ गोष्टीचा विचार केला नव्हता. जोडलेल्या बाकावर बसायचं तर पाय उचलून बाक ओलांडावा लागतो. बाबा बाकाला हात लावून उभे राहिले. पाय काही उचलला जाईना. मला तिथल्या तिथे मेज मोडून टाकावंसं वाटलं.

अमेरिकेतही हा प्रश्न आलाच होता. १९९० साली तिथे अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. सार्वजनिक बागांत एका टोकाला फळी पुढे वाढवलेली मेजं दिसतात ती यासाठीच, की चाकाची खुर्ची सरळ आत यावी. हे मी मेस्ताला सांगायला गेलो तर तो आधीच आला होता, पाना घेऊन. माळ्याच्या फळ्या साडेसात फुटी होत्या आणि नशिबाने मी त्या कापल्या नव्हत्या. त्याने दोन्ही तिवया सैल केल्या, आंब्याकडच्या बाजूने आत सरकवल्या, खालून एक आडवी पट्टी दिली. त्या टोकाला पावणेदोन फूट फळी मोकळी झाली. तिथे बाबांची वेताची खुर्ची बरोबर आत जाते.

या कार्तिकात देवळातून प्रसाद घरी आणला आणि पानं मेजावर मांडली. अकरा माणसं. मेस्तही होता, बाबांच्या उजव्या हाताला. बाबांनी तोंडल्यांची भाजी दोनदा मागून घेतली, आणि मग मेस्ताला म्हणाले की इकडची एक फळी जरा वर आलीय. मेस्ताने बोट फिरवून पाहिलं. "पावस पडूंदी," म्हणाला, "मागीर पळोवया."